निरोपाची झाली दवंडी

नरकासुर जळून राख झालेला असायचा, अंगठ्याखाली कारीट फुटलेले असायचे, गुळाचे आणि ताकातले फोव खाऊन पोट तुडुंब भरलेले असायचे. गोव्यातल्या दिवाळीच्या पहाटेचा हा क्रम डिचोली तालुक्यातल्या साखळीत आजही चुकत नाही. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मात्र त्यात आणखी एक गोष्ट होती. फोव झाले की घरातला कॉलेजात जाणारा मुलगा मोबाइल बाजूला ठेवून संगणकापुढे बसायचा. मोबाइलमध्ये त्याने मारलेला एसएमएसचा पॅक नेमका त्या दिवशी चालत नसे.

‘ब्लॅकआउट डे’ असे त्या दिवसाचे नाव होते. एरवी तीस-पस्तीस रुपयांच्या पॅकवर महिनाभर ढिगाने मेसेज जात. दिवाळी, नाताळ, ३१ डिसेंबर असे दिवस कंपन्यांनी त्यातून वगळलेले असत आणि त्या दिवशी प्रत्येक मेसेजला पुरता दर लागे. वर्षाला असे पाचापेक्षा जास्त दिवस असू नयेत आणि ते ग्राहकाला आधी कळवावेत, एवढीच दूरसंचार नियामक ‘ट्राय’ची अट होती. ज्या दिवशी माणसाला निरोप धाडावासा वाटतो, नेमका तोच दिवस महाग. साखळीच्या बाजारात चतुर्थीच्या आदल्या दिवशी भाजीचा जो भाव होतो, त्याच जातीचे हे गणित.

संगणकावरून जाणारा मेसेज मात्र त्या दिवशीही फुकट असे. ‘वे-टू-एसएमएस’ आणि ‘वन-सिक्स्टी-बाय-टू’ या हैदराबादच्या दोन सेवा त्या काळात देशभरातल्या तरुणांना तोंडपाठ होत्या. दुसरीच्या नावातच धंद्याचे सूत्र होते: एकशे साठ अक्षरांचे दोन भाग, अर्धी जागा तुमच्या मजकुराला आणि अर्धी जाहिरातीला. मित्राला ‘शुभ दीपावली’ जाई आणि खालोखाल कुणाच्या तरी कर्जाची किंवा लग्न जुळवण्याची जाहिरात. घेणाऱ्याला त्याचे काही वाटत नसे. लग्नपत्रिकेच्या पाठीवर छापखान्याचे नाव असते, तसेच हे.

आणि संगणक होता कुठे? इथे गोव्याची गोष्ट इतरांहून थोडी वेगळी आहे. २००२ च्या सुमाराला मनोहर पर्रीकर सरकारने ‘सायबरएज’ योजना आणली आणि अकरावीच्या विद्यार्थ्यांच्या घरी संगणक येऊ लागले. डिचोली-पेडण्यातल्या कितीतरी घरांत देवघर, टीव्ही आणि क्रोशाच्या रुमालाने झाकलेला संगणक अशी मांडणी त्याच काळात झाली. इंटरनेट नंतर आले, काही ठिकाणी आलेच नाही. घरी जोडणी नसेल तर बाजारातला सायबर कॅफे होता. तिथे तासाच्या हिशोबाने पैसे देऊन आधी निकाल पाहायचा, मग नोकरीचा अर्ज भरायचा आणि उरलेल्या दहा मिनिटांत मेसेज धाडायचे, अशी कामांची उतरंड ठरलेली असे.

मेसेज गेला, मित्राच्या फोनवर टुणटुणला. त्याचे उत्तर कुठे यायचे? संगणकावर तर नाहीच. मेसेज कुठल्यातरी सांकेतिक नावाने पोचलेला असे आणि धाडणाऱ्याचा नंबर मजकुरात अडकवलेला असे. उत्तर द्यायचे तर तो नंबर उतरवून घेऊन, आपला पैसा खर्चून, वेगळा मेसेज लिहायचा. ब्लॅकआउटच्या दिवशी हा उद्योग कोण करणार? उत्तर म्हणून यायचा तो मिस कॉल. एक रिंग म्हणजे पोचला, दोन म्हणजे तुलाही शुभेच्छा, आणि लागोपाठ चार म्हणजे घरी येतोस का, फोव उरलेत. फुकटच्या निरोपाला फुकटचेच उत्तर शोधण्यात या देशाने जी अक्कल लढवली, तिची नोंद कुठल्याही कंपनीच्या ताळेबंदात सापडणार नाही.

संगणकावरून फोनला निरोप धाडणे ही पुढे सुचलेली युक्ती नव्हे. एसएमएस जन्माला आला तोच संगणकावरून. ३ डिसेंबर १९९२ या दिवशी नील पॅपवर्थ नावाच्या तरुण अभियंत्याने इंग्लंडमध्ये संगणकाच्या कळफलकावर ‘मेरी ख्रिसमस’ असे टंकले आणि ते व्होडाफोनचे एक अधिकारी रिचर्ड जार्व्हिस यांच्या फोनवर धाडले. जार्व्हिस न्यूबरी गावी कंपनीच्या नाताळच्या मेजवानीत होते. फोन होता ऑर्बिटेल ९०१, वजनाने आणि आकाराने आजच्या फोनच्या आजोबांइतका. पंधरा अक्षरांचा तो मेसेज त्यांनी वाचला, पण उत्तर दिले नाही. देताच येत नव्हते. त्या फोनवर मेसेज वाचण्याची सोय होती, लिहिण्याची नव्हती. बोटांनी टाइप करून मेसेज धाडता येईल असे फोन पुढच्या वर्षापासून यायला लागले. त्या पंधरा अक्षरांचे मोल मात्र पुढे बरेच वाढले. डिसेंबर २०२१ मध्ये व्होडाफोनने पॅरिसमध्ये त्याची डिजिटल प्रत लिलावात काढली तेव्हा १ लाख ७ हजार युरोंची बोली लागली.

एकशे साठ हा आकडा त्याच्याही आधीचा. जर्मनीतल्या बॉन शहरात फ्रीडहेल्म हिलेब्रांड हे दूरसंचार अभियंता १९८५ मध्ये घरी टाइपरायटरवर वाट्टेल ती वाक्ये टंकून अक्षरे मोजत बसले होते. प्रश्न, निरोप, चौकशी, काहीही. बहुतेक वाक्ये एकशे साठच्या आत संपत. पोस्टकार्डांवरचा मजकूर आणि टेलेक्सचे संदेशही त्यांनी ताडून पाहिले आणि एवढी जागा पुरे, असे ठरवले. फोनवरचे बोलणे ज्या वाटेने जाते तिच्या बाजूला, फोन आणि टॉवर एकमेकांना ‘मी इथे आहे’, ‘तुला फोन आलाय’ असे कळवत असतात ती एक अरुंद पायवाट असते. एसएमएस जातो तो त्या पायवाटेने. तिच्यावरून एका खेपेला १४० बाइटांचे ओझे नेता येते, आणि सात-सात बिटांची अक्षरे त्यात बरोबर एकशे साठ बसतात.

ही अक्षरे अर्थातच रोमन. हिलेब्रांड मराठीत विचार करत नव्हते आणि त्यासाठी त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पण त्या हिशोबाचा चटका साखळीला बसला. देवनागरीचे अक्षर सात बिटांत मावत नाही, त्याला सोळा लागतात. त्याच १४० बाइटांत देवनागरीची अक्षरे बसतात सत्तर. अक्षर म्हणजेही आपण शाळेत मोजतो ते नव्हे. काना वेगळा मोजला जातो, मात्रा वेगळी, अनुस्वार वेगळा, जोडाक्षराच्या पोटातला हलन्तही वेगळा. ‘साखळी’ हा शब्द आपल्या लेखी तीन अक्षरांचा, संगणकाच्या लेखी पाचांचा. ‘क्ष’ला तिघांचे भाडे पडते.

हे जवळून पाहायचे तर एक नमुना घ्यावा. समजा, साखळीकरांना असा इशारा द्यायचा आहे: ‘अंजुणे धरणातून पाणी सोडले आहे. वाळवंटीच्या काठी जाऊ नये. - जलस्रोत खाते’. काने, मात्रा, मोकळ्या जागा, पूर्णविराम धरून मोजले तर ही ७१ अक्षरे होतात. म्हणजे एक जास्त. त्या एका अक्षरापायी हा मेसेज दोन तुकड्यांत फुटतो आणि पैसे दोन मेसेजचे पडतात. तुकडे पुन्हा सांधायच्या खुणांसाठी जागा लागते, म्हणून फुटल्यावर प्रत्येक तुकड्यात सत्तरऐवजी सदुसष्टच अक्षरे बसतात. ‘आहे’नंतरचा पूर्णविराम काढून टाकला की मेसेज एकात बसतो, व्याकरण तेवढे जाते. हाच मजकूर रोमन लिपीत लिहिला तर साधारण ऐंशी अक्षरांत होतो, म्हणजे एकशे साठची जेमतेम अर्धी जागा लागते. लाखभर लोकांना मेसेज धाडणाऱ्या कचेरीत कुणीतरी हा हिशोब करतेच, आणि मग इशारा इंग्रजीत येतो किंवा इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत.

गोव्यात या गोष्टीला आणखी एक पदर आहे. रोमन लिपीत आपली भाषा लिहिणे इथे नवीन नाही. रोमी कोकणीत वर्तमानपत्रे निघाली, तियात्रे लिहिली गेली, चर्चमधल्या प्रार्थना छापल्या गेल्या. पण ही परंपरा मुख्यतः ख्रिस्ती समाजाची आणि जास्त करून बार्देश-सासष्टीकडची. डिचोली, सत्तरी, पेडण्यातल्या हिंदू घरांत पत्र, जमाखर्च, भजनाची वही, लग्नाची यादी असा सगळा व्यवहार देवनागरीत आणि बहुतांशी मराठीत चालत आलेला. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरीतल्या कोकणीला राजभाषा ठरवले आणि मराठीलाही सरकारी व्यवहारात जागा दिली. त्या कायद्याआधी राजभाषेवरून गोव्यात रान पेटले होते. त्यानंतर वीस वर्षांच्या आत त्याच घरांतली पोरे ‘kasa’ला ‘कसा’ की ‘कसं’ वाचायचे हे संदर्भाने ठरवू लागली. मोर्चा नाही, ठराव नाही. मेसेजची मर्यादा आणि फोनवरचे चौकोन यांनी ते काम केले. जुन्या स्वस्त फोनांत देवनागरीची अक्षरेच नसत. मराठीत धाडलेला मेसेज समोरच्याला रिकाम्या चौकोनांची रांग होऊन दिसे. पुढे भारतीय लिप्या कमी जागेत बसवण्यासाठी एसएमएसच्या आंतरराष्ट्रीय मानकात खास तक्ते घातले गेले. त्या यादीत हिंदी, गुजराती, कन्नड, तेलुगू अशा भाषा आहेत. मराठी आणि कोकणी हिंदीच्या तक्त्यात शिरतील असे धरलेले. प्रत्यक्षात तो तक्ता फोनांत फारसा उतरलाच नाही आणि सत्तरचा हिशोब तसाच राहिला.

संगणकावरून मेसेज धाडण्याच्या वाटा दोन. एक, वर सांगितलेली वेबसाइटची. दुसरी जास्त मजेची आणि जास्त प्रामाणिक: फोन किंवा सिमकार्ड थेट संगणकाला जोडायचे. ज्यांच्याकडे नोकियाचे फोन होते त्यांना ‘पीसी सूट’ आठवत असेल. डेटा केबल जोडली की फोनमधले सगळे मेसेज पडद्यावर दिसत, मोठ्या कळफलकावर सटासट उत्तर टंकता येई आणि समोरच्याचा पलटजवाब दोन्हीकडे उमटे. पैसे सिमच्या हिशोबानेच जात, पण अंगठा दुखत नसे. प्रेमात पडलेल्या कॉलेजच्या पोरांना त्याचे मोल विचारावे.

नेटच्या डोंगलमध्येही सिम असते, म्हणून तोही हे काम करतो. संगणकाच्या काळ्या खिडकीत ‘एटी’ ही दोन अक्षरे टंकली की डोंगल ‘ओके’ म्हणतो. हा शिष्टाचार १९८१ सालचा. अमेरिकेत डेनिस हेज यांच्या कंपनीने ‘स्मार्टमोडेम’ काढला तेव्हा यंत्राला हाक मारण्यासाठी ‘अटेन्शन’ शब्दाची पहिली अक्षरे घेतली, ती आजपर्यंत टिकली आहेत. शाळेतल्या ड्रिलच्या मास्तरांसारखी आधी ‘सावधान’ची आरोळी, मग हुकूम. ‘एटी+सीएमजीएफ=१’ म्हणजे आता साध्या मजकुरात बोलू. ‘एटी+सीएमजीएस’ आणि पुढे नंबर, म्हणजे या नंबरला मेसेज धाडायचा आहे. डोंगल बाणाचे एक टोक दाखवून थांबतो. मजकूर टंकायचा, शेवटी कंट्रोल आणि झेड एकदम दाबायचे. दोन-चार सेकंद काहीच होत नाही. मग एक आकडा येतो, खाली पुन्हा ‘ओके’, आणि टेबलावरचा दुसरा फोन वाजतो. मजकूर देवनागरीत हवा असेल तर अक्षरांऐवजी त्यांचे सांकेतिक क्रमांक भरावे लागतात. ‘साखळी’ तिथे अशी दिसते: ०९३८ ०९३ई ०९१६ ०९३३ ०९४०. गावाच्या नावाचे एवढे रूक्ष रूप दुसरीकडे कुठे मिळणार नाही.

या दुसऱ्या वाटेची खुबी एकच. सिम आपले असते, म्हणून उत्तर त्याच सिमवर येते आणि संगणकाला ते दिसते. याच तत्त्वावर परदेशांत बरीच कामे उभी राहिली. केन बँक्स यांनी २००५ मध्ये ‘फ्रंटलाइनएसएमएस’ हे सॉफ्टवेअर काढले. एक लॅपटॉप, एक केबल, एक साधा फोन आणि इंटरनेटची गरज नाही, एवढ्या सामानावर आफ्रिकेतल्या संस्थांनी दवाखान्यांचे निरोप, पिकांचे भाव आणि निवडणुकीवरची देखरेख चालवली. डिचोलीतल्या डोंगराळ वाड्यांना हे सामान उत्तम लागू पडले असते. पण आपल्याकडे तोवर फुकट वेबसाइटांची आणि घाऊक मेसेजवाल्यांची चलती सुरू झाली होती.

साखळीचा मेसेज फिरतो कुठे, हे पाहिले तर एक गंमत दिसते. दूरसंचार खात्याच्या नकाशात गोवा स्वतंत्र नाही. ‘महाराष्ट्र आणि गोवा’ असे एकच सर्कल आहे. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हायला नकार दिला, टेलिफोनवाल्यांनी मात्र ते विलीनीकरण कधीच उरकून टाकले. म्हणून ९८२२ किंवा ९४२२ ने सुरू होणारा नंबर पुण्याचा की पणजीचा, हे नुसते पाहून कळत नसे. डिचोलीहून दोडामार्गला गेले तर राज्य बदलते, सर्कल बदलत नाही. साखळीहून केरी, चोर्ला घाट असे बेळगावला निघाले की मात्र पंचाईत. साखळीकरांचे दवाखाने, लग्नाचे कापड, सोयरिकी असे कितीतरी बेळगावाशी बांधलेले. पण मोबाइलच्या लेखी तो परमुलूख. घाटात रेंज जाते आणि बसमधले सगळे फोन मुके होतात. कणकुंबीच्या पुढे कुठेतरी रेंज परत येते आणि मग एकदम दहा-वीस फोन टुणटुणतात. घाटात असताना आलेले मेसेज कंपनीच्या केंद्रातल्या संगणकाने जपून ठेवलेले असतात. फोन सापडला की तो ते एकामागून एक टाकतो. त्यांतला पहिला बहुधा कर्नाटकात स्वागत करणारा. हे स्वागत करणाराही संगणकच, आणि त्यालाही उत्तर देता येत नाही.

फुकट मेसेजचा बहर फार टिकला नाही. जे फुकट ते दुकानदारांनाही हवेच होते. भूखंड, गुटगुटीत होण्याची पावडर, सोन्यावर कर्ज, दहावीचे क्लास असे मेसेज दिवसाला पाच-दहा येऊ लागले. ट्रायने २००७ मध्ये ‘मला नको’ म्हणणाऱ्यांची नोंदवही सुरू केली. तिला दाद न देता मेसेज येतच राहिले. मग २७ सप्टेंबर २०११ पासून कडक नियम आले. जाहिरातीचे मेसेज रात्री नऊ ते सकाळी नऊ बंद झाले आणि एका सिमवरून दिवसाला शंभरच मेसेज अशी मर्यादा घातली गेली. त्या वर्षीची दिवाळी महिन्याभरावर होती. ओरड झाली आणि दिवाळी उलटल्यावर १ नोव्हेंबरपासून शंभराचे दोनशे झाले. जुलै २०१२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने खासगी मेसेजवरची ती मर्यादा उठवली. महिन्याभरात, ऑगस्टमध्ये, ईशान्येच्या लोकांविषयी अफवा पसरून बंगळूरहून रेल्वे भरभरून माणसे गावी निघाली आणि केंद्राने पंधरा दिवसांसाठी एका वेळी पाचच मेसेजची मुभा ठेवली. एवढे सगळे नियम सांभाळत फुकट सेवा चालवणे कठीण होतेच. त्यात एका कंपनीच्या मेसेजसाठी दुसरीला द्यायचा जोडणी-आकार २०१३ मध्ये दोन पैसे ठरला. दोन पैसे दिसायला क्षुल्लक, पण कोट्यवधींनी गुणल्यावर नाही. वे-टू-एसएमएस चालवणाऱ्यांनी पुढे बातम्यांच्या धंद्यात पाय रोवले.

त्याच २०१३ च्या १४ जुलैला देशातली शेवटची तार गेली आणि दोन दिवसांनी, १६ जुलैला, राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते ‘एम-किसान’ पोर्टल सुरू झाले. कृषी अधिकाऱ्याने आपल्या संगणकावर तालुका आणि पीक निवडायचे, सल्ला लिहायचा, आणि नोंदणी केलेल्या शेतकऱ्यांना तो एसएमएसने पोचायचा. पावसाचा अंदाज, भातावरचा खोडकिडा, सुपारीचा कोळेरोग, अशा गोष्टी. सरकारी योजनांत या योजनेचा वेगळेपणा असा की शेतकऱ्याने उलट मेसेज धाडून माहिती मागवण्याची सोय तिच्यात पहिल्यापासून होती. ती किती जणांनी वापरली हा वेगळा भाग, पण दार दोन्हीकडून उघडत होते.

बाकी सगळीकडे ते एकाच बाजूने उघडे राहिले. ऑगस्ट २००९ पासून रिझर्व्ह बँकेने कार्डाने ऑनलाइन पैसे भरताना दुसरा पडताळा सक्तीचा केला आणि ओटीपीने एसएमएसचा मुक्काम कायमचा ताब्यात घेतला. २०१२ च्या सप्टेंबरात गोव्यातल्या खनिजाच्या खाणी बंद पडल्या तेव्हा साखळी, न्हावेली, वेळगे भागात दारापुढे खनिज वाहणारे ट्रक उभे राहिले. त्या ट्रकांचे हप्ते थकत गेले आणि बँकेचा संगणक ठरलेल्या तारखेला ‘आपला हप्ता देय आहे’ असे मेसेज करीत राहिला. खाण बंद आहे, हे त्याला कळवायला जागा नव्हती.

२०१८ मध्ये ट्रायने नवी नियमावली केली. संगणकावरून लोकांना मेसेज धाडणाऱ्या प्रत्येक संस्थेने नोंदणी करायची, सहा अक्षरांचे नाव घ्यायचे, आणि धाडायचा मजकूर आधीच मंजूर करून घ्यायचा. मजकुरात बदलणारा भाग, म्हणजे नाव, रक्कम, तारीख, तेवढा मोकळा. बाकी शब्द ठरलेले. छापील रेघांवर नाव भरण्याच्या जुन्या सरकारी फॉर्मांचीच ही नवी आवृत्ती. ८ मार्च २०२१ ला ही चाळणी प्रत्यक्षात लावली आणि मंजुरी नसलेला मजकूर अडू लागला. देशभर ओटीपी पोचेनात, तिकिटे निघेनात, पैसे अडकले. शेवटी ट्रायने सात दिवसांसाठी चाळणी काढून ठेवली. चाळणी मग परत बसली. मे २०२५ पासून मेसेजच्या नावाच्या शेवटी एक अक्षर येते: जाहिरातीला ‘पी’, सेवेच्या कळवण्याला ‘एस’, व्यवहाराला ‘टी’, सरकारी मेसेजला ‘जी’. फसवणूक रोखण्यासाठी हे सगळे हवेच होते, यात वाद नाही. पण याचा एक परिणाम असा की एखाद्या देवस्थानाच्या समितीला किंवा भजनी मंडळाला दोनशे माणसांना ‘उद्या दिंडी सातला निघेल’ असा निरोप संगणकावरून एसएमएसने द्यायचा तर बँकेएवढीच कागदपत्रे करावी लागतात. ती कोण करतो? सगळे व्हॉट्सॲपवर गेले. साखळीच्या विठ्ठलापुरात त्रिपुरारी पौर्णिमेला वाळवंटी नदीत सजवलेल्या होड्या सोडतात, त्या उत्सवाचे निरोपही आता गटागटांतून फिरतात.

व्हॉट्सॲप संगणकावर आले ते जानेवारी २०१५ मध्ये. पडद्यावरचा काळा-पांढरा चौकोन फोनने टिपायचा की दोन्ही जोडले जातात. एसएमएससाठी तीच युक्ती गूगलने जून २०१८ मध्ये आणली. अ‍ॅपलच्या संगणकांवर ती २०१४ पासून आहे. म्हणजे ज्या गोष्टीसाठी पूर्वी केबल, डोंगल, ‘एटी’ची आरोळी असा खटाटोप होता, ती आता दोन सेकंदांत होते आणि उत्तरही त्याच पडद्यावर येते. पीसी सूटचे दिवस परतल्यासारखे. फक्त या सोयीला एक काळजी चिकटली आहे. सायबर कॅफेत, झेरॉक्सच्या दुकानात किंवा दुसऱ्याच्या लॅपटॉपवर जोडलेला फोन तोडायचे विसरले, तर आपले सगळे मेसेज तिथे उमटत राहतात. त्यांत ओटीपीही. कुणी फोनवरून गोड बोलून तो चौकोन टिपायला लावला तरी तेच होते.

आणि पूर. वाळवंटी साखळी बाजाराला अगदी खेटून वाहते. पलीकडे अंजुणे धरण, वर सह्याद्रीचा उतार. घाटात पाऊस कोसळला की पाणी खाली यायला वेळ लागत नाही. बाजारात शिरलेले पाणी उपसून नदीत टाकायला पंप बसवले आहेत. २३ जुलै २०२१ ला सत्तरी आणि डिचोलीत पाणी चढले, तेव्हा १९८२ नंतरचा हा सर्वांत मोठा पूर असल्याचे मुख्यमंत्री प्रमोद सावंत म्हणाले. ते साखळीचेच आमदार. अशा वेळी फोनवरचे बोलणे अडकते, कारण सगळेच एकमेकांना फोन लावत असतात. एसएमएस मात्र त्याच्या पायवाटेने पोचू शकतो. आता हवामान खात्याचे वीज-पावसाचे इशारे राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या यंत्रणेतून त्या त्या भागातल्या फोनांवर येतात, पुष्कळदा मराठीत. २०२३ मध्ये देशभर आणखी एका पद्धतीची चाचणी झाली. फोन एकाएकी भोंग्यासारखा किंचाळला आणि पडद्यावर चाचणीचा मजकूर आला. अनेकांनी घाबरून फोन टेबलावर आपटला. तो एसएमएस नव्हता. टॉवर आपल्या हद्दीतल्या सगळ्या फोनांना एकदम ओरडून सांगतो, त्याला कुणाचाही नंबर माहीत असावा लागत नाही. गावात ढोल बडवत दवंडी द्यायचे, त्याच्या जवळ जाणारे हे तंत्र.

दवंडीला कुणी उत्तर देत नसते, हे खरे. पण दवंडी पिटणारा गावातलाच असे. त्याला पारावर थांबवून विचारता येई की पाणी नेमके कुठवर आले, पुलावरून गाडी जाते का. मेसेजमध्ये ‘उत्तर गोवा जिल्ह्यात काही ठिकाणी’ एवढेच असते. त्याच्याखाली कुणी ‘साखळी बाजारात किती?’ असे टंकून धाडले तर क्षणभराने लाल खूण येते: मेसेज गेला नाही.

पावसाळ्यात असा इशारा आला की बाजारातला दुकानदार तो वाचतो, फोन खिशात टाकतो, खालच्या फळीवरची साखरेची पोती वर चढवतो आणि छत्री उघडून पुलाकडे चालू लागतो. तिथे आधीच दहा-बाराजण कठड्याला टेकून पाण्याकडे पाहत उभे असतात. काल कुठवर होते, आता कुठवर आहे, घाटात अजून पडतोय का, असे एकमेकांना विचारतात. मग त्यांतला एकजण फोन काढून केरीच्या सोयऱ्याला मिस कॉल देतो.